अँब्रोजच्या खिडकीसमोरची पेटी

ये. म. यो.

लेबनन, केंटकी
२१ एप्रिल १९८७

प्रिय टेसी हिला झिटाचे अनेक आशीर्वाद.

सगळ्या जगासाठी तू सिस्टर अल्फोन्सा असशील, पण जिचं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलं तिला मी सिस्टर म्हणणार नाही. कागदाच्या माथ्यावर येशू, मरिया, योसेफ मात्र लिहिले. ते नसले तर सिस्टर युलालियाची पट्टी अजून बोटांवर बसेल असं वाटतं, आणि ती बाई मरून चाळीस वर्षं झाली.

तुझी भेट पवित्र शुक्रवारीच आली. ईस्टरपर्यंत उघडली नाही, तेवढं वळण शिल्लक आहे. लाकडाचं इवलंसं चर्च, त्याला मनोरा, आत दाणे भरायचे आणि पाखरांनी पायरीवर बसून खायचे! वर दाण्यांची पिशवी. अँब्रोजला पडल्या पडल्या चार पाखरं जास्त दिसावीत, असं तू लिहिलंस. टेसी, देवानं तुला असं मन दिलं. मला जीभ दिली.

अँब्रोजचं म्हणशील तर उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे. नोव्हेंबरातल्या झटक्यानंतर बोलण्यापैकी एकच शब्द त्याच्याकडे राहिला, मंगळवार. का, ते देव जाणे. भूक लागली की मंगळवार, थंडी वाजली की मंगळवार, माझा राग आला की मंगळवार. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसून अख्ख्या काउंटीचं बोलणं जोडून दिलं, आता घरातल्या नवऱ्याची लाइन लागत नाही. त्याला बोलायला शिकवायला एक पोरगी येते, ती त्याला शहाणं बाळ म्हणते. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला! मी तिला सांगितलं, की बाळ असता तर त्यानं तुझी ती चित्रांची पाटी एव्हाना चघळून टाकली असती.

त्याचा पलंग जेवणाच्या खोलीत खिडकीशी हलवला आहे. समोर अंगणात त्यानंच उभी केलेली घरट्याची पेटी. जन्मभर दारूच्या कारखान्यासाठी पिंपं बांधली, पण जीव सगळा त्या पेटीत. गुळगुळीत नळाच्या खांबावर ती बसवलेली आहे आणि साप चढू नये म्हणून दर वसंतात खांबाला ग्रीस फासायचं असतं. ते यंदा मी फासलं, एक एप्रन कामातून गेला. पण निळ्या पाखरांची जोडी आली! नराची पाठ अशी निळी, की वेदीवरच्या मरियेचा झगा तिच्यापुढे विटका दिसावा. मादी अंड्यांवर बसली आहे. अँब्रोज दिवसभर तिकडे बघतो, आणि तो तिकडे बघत असला की मी चमचा पुढे करते आणि तो तोंड उघडतो. एरवी दात घट्ट. वजन असंच उतरत राहिलं तर उन्हाळा निभणं कठीण आहे, असं डॉक्टरनं मला अंगणात नेऊन सांगितलं. तेव्हा तुझ्या मठात प्रार्थना करायची तर त्या अंड्यांसाठी करा. माझ्या घरातलं औषध तेच आहे.

तुझं चर्च खिडकीजवळच्या डॉगवुडच्या झाडाला टांगलं. अँब्रोजनं ते पाहिलं मात्र, मंगळवार मंगळवार म्हणत डावा हात झाडायला लागला. मी खडसावलं, की माझ्या बहिणीनं प्रेमानं पाठवलंय, जरा उपकाराची जाण ठेव. मग गप्प बसला. पाखरांतलं मला काही कळत नाही, तो त्याचा प्रांत.

प्रार्थनेत आठवण ठेव. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त आटू देऊ नकोस.

तुझी
झिटा

*

ये. म. यो.

मदरहाउस, इंडियाना
२७ एप्रिल १९८७

प्रिय झिटा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मी आजारी सिस्टरांच्या दालनात मोठ्यानं वाचून दाखवलं. डॉक्टर अंगणात काय म्हणाला तेवढं गाळलं. सिस्टर पर्पेच्युआ ठार बहिरी आहेत, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन अंडी, अंडी असं ओरडावं लागलं. तेव्हापासून रोज न्याहारीला त्या मला विचारतात, की फुटली का. परवा बिशपसाहेब आले होते, त्यांच्या समोरही विचारलं. ते बिचारे आपल्या झग्याला कुठे काय फुटलंय ते बघायला लागले.

चर्च अँब्रोजला आवडेल याची मला खात्री होती. सुरुवातीला हात झाडला असेल, पण पुरुषांना नवी वस्तू पचायला वेळ लागतो हे मी तुला सांगायला नको. मठाच्या बाजारात ते दिसलं आणि मी मदर सुपीरियरना गळ घातली, की आयुष्यात काही मागितलं नाही, एवढं द्या. त्या हसल्या आणि दिलं. आता माझी एक वस्तू तुमच्या खिडकीत लटकते आहे, म्हणजे मीच तिथे बसल्यासारखी.

कोणकोण पाखरं येतात ते सविस्तर लिही. साध्या चिमण्या आल्या तरी हाकलू नकोस. देव चिमणीवरही नजर ठेवून असतो हे आपण शाळेत शिकलो, आणि तू तेव्हा विचारलं होतंस की मग मांजर येतं तेव्हा तो कुठे बघत असतो. त्याबद्दल तू गुडघे टेकून बसलीस आणि हसल्याबद्दल मीही.

फादर वॉल्श पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येणार आहेत. दाण्यांची दुसरी पिशवी त्यांच्या गाडीत टाकते.

अँब्रोजला माझे आशीर्वाद सांग, आणि तू माझ्यावर करतेस तेवढाच लोभ स्वतःवरही कर.

तुझी
टेसी

*

ये. म. यो.

लेबनन
३ मे १९८७

प्रिय टेसी,
अ. आ.

सिस्टर पर्पेच्युआंच्या कानात सांग, फुटली! आई-बाप दोघं चोचीत अळ्या घेऊन येतात, पिल्लांची घाण घेऊन जातात. इतकं टापटीप घर मी आमच्या नात्यात पाहिलेलं नाही. अँब्रोजनं शुक्रवारी वाटीभर सूप आणि मक्याच्या पावाचा तुकडा संपवला. मी मागे जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि परत आले.

काल डर्बी. अँब्रोजचा एक जुना दोस्त आहे, नाव जो बिल वॉथन. तो शर्यत बघायला येणार होता, पण त्याला कमरेनं धरलं. दरवर्षी डर्बीलाच धरते, कारण बायको पुदिना घातलेली व्हिस्की करते ती घरीच. मग आम्ही दोघांनीच टीव्ही लावला. अँब्रोजचं घोड्यांकडे लक्षच नाही, खिडकीकडे बघून मंगळवार चालू.

तुझ्या चर्चला गर्दी एवढी, की आमच्या फादरनं हेवा करावा. येतात मात्र सगळ्या चिमण्याच. इथले लोक यांना इंग्लिश चिमण्या म्हणतात, आणि भांडतात तशाच. त्यात एक चिमणा आहे, काळा गळपट्टा बांधलेला. दाणे खाऊन झाले की निळ्यांच्या पेटीच्या छपरावर जाऊन बसतो आणि चिव चिव करून डोकं उठवतो. तू म्हणालीस म्हणून हाकलत नाही.

आज सकाळी अँब्रोजनं कॉफीचा पेला डाव्या हातानं खिडकीवर फेकला. काच वाचली, पडदा गेला. डॉक्टरला फोन केला तर त्यानं गुंगीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मी कचऱ्यात टाकल्या. माणसाचं बोलणं गेलं तर तो आदळआपटच करणार, नाहीतर काय व्हायोलिन वाजवणार?

पण त्याला काय हवंय ते कळत नाही, टेसी. उशी बदलली, पडदा सारला, पलंग फिरवला. प्रत्येक गोष्टीला तो मान हलवतो, नाही म्हणून.

लोभ तुझा असतोच, प्रार्थना जरा वाढव.

झिटा

*

ये. म. यो.

लेबनन
८ मे १९८७

प्रिय टेसी,

निळी मादी गेली. पिल्लंही गेली.

काल दुपारी मी सूप ढवळत होते. आतून मंगळवार सुरू झाला. मी तिथूनच ओरडून सांगितलं, की आज गुरुवार आहे. पुन्हा मंगळवार. मला वाटलं उशी घसरली असेल. म्हटलं, खाली लागेल, थांब जरा. तो थांबेना. त्याचा आवाज इतका चढला, की असला आवाज त्याच्यात राहिला असेल असं मला वाटलं नव्हतं. मी रागानं डाव आपटला. मग तो एकदम थांबला. थांबल्यावर मी गेले, टेसी. ओरडत होता तेव्हा नाही गेले.

तो चिमणा पेटीत शिरला होता. आई आत होती. तिला बाहेर पडायला एकच भोक, आणि भोकाच्या तोंडाशी तो. मी गेले तेव्हा तो बाहेर निघून छपरावर बसला होता आणि गात होता. नर तारेवरून त्याच्यावर झेप घेत होता, पण उशीर झाला होता. अँब्रोजनं सगळं पडल्या जागेवरून पाहिलं. खिडकीपासून पेटी एवढी जवळ आहे, की मी झाडू घेऊन धावले असते तरी पोचले असते.

पेटी मीच उघडली. काय दिसलं ते लिहीत नाही. सगळ्यांना ब्लॅकबेरीच्या झुडपाखाली पुरलं.

अँब्रोजनं तोंड भिंतीकडे फिरवलं आहे. काल रात्री काही खाल्लं नाही, आजही नाही.

तुझं चर्च काढून ठेवलं आहे. वाऱ्यानं कडी तुटली.

झिटा

*

ये. म. यो.

मदरहाउस
१३ मे १९८७

प्रिय झिटा,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. आम्ही सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हटली. सिस्टर पर्पेच्युआंना अजून सांगितलेलं नाही, त्या रोज पिल्लांना पंख फुटले का विचारतात आणि मी मान हलवते. मठात राहून खोटं बोलते आहे.

तू स्वतःला बोल लावू नकोस. वाघ घरात शिरला तर मंगळवार या शब्दावरून कुणाला कळणार? अँब्रोजलाही हे समजत असेल. पण त्याला भिंतीकडे बघत पडू देऊ नकोस, काहीतरी हलतं-बोलतं डोळ्यांपुढे हवं. म्हणून म्हणते, चर्चची कडी जो बिलकडून लावून घे आणि परत टांग. तो दुष्ट चिमणा एकटा असेल, बाकीच्या गरीब चिमण्यांनी काय केलं? त्यांची चिवचिव तरी कानावर पडेल. फादर वॉल्श निघाले आहेत, पिशवी त्यांच्याजवळ दिली आहे. ही मोठी आहे.

जेवत जा. तू जेवली नाहीस तर त्याला भरवणार कोण?

लोभाची नव्हे, आज नुसती काळजीची
टेसी

*

ये. म. यो.

लेबनन
२२ मे १९८७

प्रिय टेसी,
अ. आ.

फादर आले आणि गेले. आशीर्वाद दिला, हॅमचे तीन तुकडे खाल्ले, अँब्रोजला म्हणाले की दुःख ही देवाची देणगी असते. मी म्हटलं, की मग ही देणगी वाटून घ्या, तुमच्याकडे कमी दिसते. पिशवी परत त्यांच्याच गाडीत ठेवली. घरात उंदीर फार झालेत, दाणे नकोत. आणि जो बिलला कडी लावता येत नाही. पुन्हा चर्चचं नाव काढू नकोस, वेळ नाही मला.

नर अजून इथेच आहे. नवी मादी घेऊन आला आहे. विधुरांना दम निघत नाही, पाखरं काय आणि माणसं काय. पण पेटीचा ताबा चिमण्याकडे. आत गवत, चिंध्या, कुणाच्या तरी सिगारेटचा कागद भरतोय. मी गवत काढते, तो परत भरतो. निळी जोडी तारेवर बसून बघते. मीही बघते. कायदा असा, की निळ्यांच्या पिसालाही हात लावला तर गुन्हा आणि चिमण्याचं काहीही करा. काहीही म्हणजे काय, ते जो बिलनं सांगितलं. पेटीत बसवायचा एक सापळा आणून दिला. चिमणा आत शिरला की मागे पत्रा पडतो आणि भोक बंद होतं. नंतर त्याला पिशवीत घालून खांबावर आपटायचं म्हणे. मी विचारलं, की तू का नाही आपटत. तर म्हणाला की माझी कंबर. अँब्रोज म्हणे अंगठ्यानं चिमण्यांची छाती दाबायचा, क्षणात काम व्हायचं, आणि आत येऊन जेवायला बसायचा. मला त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अँब्रोज भिंतीकडेच बघतो. डॉक्टर नळीनं भरवायची भाषा करतोय. दोन चमचे जातात, तेही मी दात ओठ खाल्ले की. मला काय करावं ते कळत नाही. मला! लहानपणी तू मला विचारायचीस आणि माझ्याकडे उत्तर असायचं, बरोबर नसलं तरी.

असो. प्रार्थना कर, पिशव्या पाठवू नकोस.

झिटा

*

ये. म. यो.

मदरहाउस
२७ मे १९८७

प्रिय झिटा,

सिस्टर पर्पेच्युआंना काल सगळं सांगितलं. त्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की चर्चमध्ये दाणे कसले. मी कानात ओरडले, भरडलेला मका आणि बाजरी. त्या म्हणाल्या, की मग चिमण्यांना निमंत्रणच दिलं की. निळी पाखरं दाणे खात नाहीत. दाण्यांना इंग्लिश चिमण्या येतात, आणि पोट भरलं की शेजारचं घर बळकावतात. त्यांच्या बापानं अंगणात दाणा टाकायला मुलांना बंदी केली होती. कुठल्या मूर्खानं तो पाठवला, असंही त्यांनी विचारलं. सगळं दालन माझ्याकडे बघत होतं.

अँब्रोजनं पहिल्याच दिवशी हात झाडला तो याचसाठी. पेला फेकला तोही.

तुला केव्हापासून माहीत आहे? जो बिलनं लगेच सांगितलं असणार. म्हणूनच वाऱ्यानं कडी तुटली, म्हणूनच उंदीर झाले. तू जन्मात कुणाला सोडलं नाहीस, झिटा. बिशपला सोडलं नाहीस, आपल्या आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात सोडलं नाहीस. आणि मला सोडलंस. त्यावरूनच मला खात्री पटली. तुझ्या शिव्या मी सोसल्या असत्या. हे गप्प राहणं सोसत नाही.

मी निघायची परवानगी मागितली. दालनात दोघीजणी अखेरच्या घटका मोजताहेत, त्या गेल्याशिवाय मला सोडता येणार नाही असं मदर म्हणाल्या. कुणी लवकर मरावं अशी प्रार्थना तर करता येत नाही. मी इथे बसून चादरी बदलते आणि तुमच्या पेटीचा विचार करते.

सापळा लाव. चिमण्याचं करायचं ते कर. शाळेत शिकलो ते मी विसरलेले नाही, पण पाप असलंच तर ते मका पाठवणारीचं आहे, तुझं नव्हे.

लोभ मागायचं तोंड नाही.

टेसी

*

ये. म. यो.

लेबनन
५ जून १९८७

प्रिय टेसी हिला अनेक आशीर्वाद, आणि हे रडगाणं आता पुरे.

पाठवलंस तू, टांगलं मी, आणि खिडकीत पडलेल्या माणसाला उपकाराची जाण ठेव म्हणून दटावलं तेही मीच. तुझं पाप मोजायला बसले तर माझं आधी मोजावं लागेल, आणि मला वेळ नाही. मला काय झालंय ते ऐक.

आज सकाळी सापळ्याचा पत्रा पडला. काळा गळपट्टा आत. पिशवी भोकाला लावून त्याला काढलं, सापळाही पेटीतून काढून घेतला, हातमोजा घालून मुठीत धरलं. खांबापाशी उभी राहिले. पिशवीत परत घालून आपटायचं, एवढंच काम. मी कोंबड्यांच्या माना मुरगळत आले आहे, हे तुला माहीत आहे. पण याच्याशी माझं वैर होतं, आणि वैर असलेल्याला मारणं वेगळं असतं बहुतेक. हात वर होईना. मला स्वतःचा इतका संताप आला, की मी तशीच घरात गेले आणि अँब्रोजला सांगितलं, की हा बघ तो, धरलाय, सांग आता काय करू.

टेसी, त्यानं मान फिरवली. भिंतीकडून, इकडे. आणि डावा हात पुढे केला, तळवा वर. मला वाटलं, बरोबर आहे, हे काम त्याचं. नेहमी तोच करायचा. मी चिमणा त्याच्या हातात दिला, त्याची बोटं माझ्या बोटांनी मिटवली आणि बाजूला झाले.

अंगठा छातीवर गेला. तो दाबत होता, मला दिसत होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. पण चांगल्या हातातलीही ताकद आता गेली आहे, इतके दिवस उपाशी माणूस. अंगठा नुसता थरथरत राहिला. चिमणा त्याच्या मुठीत डोकं बाहेर काढून त्याच्याकडे बघत होता, त्याची छाती अंगठ्याखाली धडधडत होती, आणि दोघांपैकी कुणालाच काही करता येत नव्हतं. मी मदत करायला हवी होती. माझा अंगठा वर ठेवला असता तर झालं असतं. मी उभी राहिले.

मग बोटं सुटली. चिमणा उडाला, खोलीभर फिरला, काचेवर आपटला आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. अँब्रोजच्या घशातून एक आवाज आला. ते हसणं होतं की रडणं ते मला सांगता येणार नाही, झटक्यापासून दोन्ही सारखीच येतात.

मी दार लावून घेतलं. खिडकी उघडली तर हा सरळ पेटीकडे जाईल. खुर्चीवर चढून धरायला गेले तर कंबर मोडेल, आणि मग आम्हाला दोघांनाही भरवायला कुणी नाही. तेवढ्यात बाहेर बघते तर निळी मादी पेटीच्या तोंडाशी. आत डोकावली, मागे सरली, पुन्हा डोकावली. मग चोचीत गवताची काडी घेऊन आत गेली. नर छपरावर पंख उचलून तिला दाखवत बसला.

आता दुपार झाली आहे. तिच्या सारख्या खेपा चालू आहेत. आत हा दांडीवरून चिवचिवतो, माझ्या चांगल्या पडद्यावर घाण करतो. अँब्रोज एकदा बाहेर बघतो, एकदा वर बघतो, पुन्हा बाहेर. मी चमचा पुढे धरला तर वर बघता बघता त्यानं तोंड उघडलं. अख्खी वाटी संपली. दुसरीही अर्धी.

फार दिवस हे चालणार नाही हे मला कळतं. चिमणा काचेवर आपटून मरेल, नाहीतर कुणीतरी दार उघडेल, किंवा ती बोलायला शिकवणारी पोरगी येऊन किंचाळेल. जो बिलला फोन केला तर तो कंबर विसरून जाळं घेऊन येईल आणि दोन मिनिटांत सगळं निस्तरेल.

बशीत पाणी ठेवलं आहे. पावाचा चुरा ठेवला आहे. फोन केलेला नाही.

सुटका झाली की ये. येशील तेव्हा दार हळू उघड.

तुझी
झिटा